डेबियन ११ वरून १३ वर: अपग्रेडनंतर काय काय चालेनासं झालं

५ जानेवारी २०२६

लॉग सर्व्हरचा अपग्रेड अखेर हातात घेतला. या मशीनकडे कामं तीन: बाकीच्या सर्व्हरचे आणि नेटवर्कच्या स्विचचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) गोळा करायचे, स्विचच्या कॉन्फिगचा रात्री बॅकअप घ्यायचा आणि सकाळी रिपोर्ट मेल करायचा. वर बसलंय डेबियन ११, लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम. त्याचा एलटीएस (दीर्घ मुदतीचा) सपोर्ट ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतोय, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणायला फारशी जागा उरलेली नाही.

११ वरून थेट १३ वर जायची सोय नाही, मधली आवृत्ती गाळलेली डेबियनला चालत नाही. आधी १२ करायचं, ते नीट चालायला लागलं की १३. दोन्ही टप्पे आधी क्लोनवर (मशीनच्या हुबेहूब प्रतीवर), खऱ्या मशीनला हात सगळ्यात शेवटी. खरं मशीन त्याच्याकडे येणारा प्रत्येक लॉग क्लोनलाही पुढे पाठवेल अशी व्यवस्था केली, म्हणजे रोज सकाळी दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ताडता येतील.

पॅकेजची यादी आणि चालू सर्व्हिसेस कोणीही नोंदवून ठेवतं. त्याशिवाय रोजच्या कमांडचं प्रत्यक्ष औटपुटही साठवलं: 'लास्ट' (कोणी कधी लॉगिन केलं), 'पिंग' (दुसरं मशीन उत्तर देतं का), 'एससीपी' (मशीनमधली फाईल कॉपी), 'सिससीटीएल -ए' (कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची सेटिंग). कमांड चालते का एवढंच बघितलं तर पुरत नाही, ती आधीसारखंच उत्तर देते का हे बघायला आधीचं उत्तर हाताशी लागतं.

'/यूएसआर/लोकल' खालच्या फाईलही 'फाइंड' लावून काढल्या. अपेक्षेपेक्षा बऱ्याच निघाल्या, बहुतेकांवर २०२१ मधल्या तारखा. कोणी, कशासाठी टाकल्या याची नोंद कुठेच नाही. यादी ठेवली, फाईलना हात लावला नाही.

६ जानेवारी

क्लोनवर १२. सोर्सेस (पॅकेज कुठून घ्यायची ती यादी) बदलले. १२ पासून फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आलाय, तो जोडला. सगळं सत्र 'स्क्रिप्ट' कमांडने रेकॉर्ड केलं. आधी 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. मध्ये कॉन्फिग फाईलबद्दल जे प्रश्न आले तिथे आपली फाईल ठेवली, नवी शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने पडून राहिली. रीबूट सुरळीत. कर्नल ६.१, पायथन ३.११.

७ जानेवारी

सकाळी क्लोनचा रिपोर्ट आलाच नाही. हाताने चालवल्यावर पहिली ओळ इम्पोर्टलाच अडकली:

इम्पोर्टएरर: … _एसक्यूलाइट३ …: अनडिफाइन्ड सिम्बॉल: एसक्यूलाइट३_डीसिरियलाइझ

पायथनचं स्वतःचं एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरायचं मॉड्यूलच लोड होत नाहीये. सहकाऱ्याचं म्हणणं, पायथनचं पॅकेज अर्धवट बसलं असेल, पुन्हा इन्स्टॉल करू. केलं. तीच एरर. मग डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा आणि त्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, त्याचं 'डीपीकेजी -व्ही' लावून पायथनच्या आणि 'लिबएसक्यूलाइट३' च्या पॅकेजमधल्या सगळ्या फाईल तपासल्या, चेकसम जुळतात. म्हणजे पॅकेजमधून आलेलं सगळं जागेवर आणि धड आहे, आणि तरी चालत नाही.

अशा वेळी मी एकच प्रश्न धरून बसते: प्रत्यक्षात कुठली फाईल उचलली जातेय? मॉड्यूलच्या '.एसओ' फाईलवर 'एलडीडी' चालवलं, कुठली लायब्ररी (प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) कुठून येते ते त्यात दिसतं. 'लिबएसक्यूलाइट३.एसओ.०' समोर बाण, आणि बाणापुढे '/यूएसआर/लोकल/लिब'. सिस्टिमची लायब्ररी चांगली आहे, पण तिला कोणी विचारतच नाही.

हे होतं कसं तेही इथेच लिहून ठेवते, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. लायब्ररी कुठे शोधायची याची यादी '/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी' मधल्या फाईलमधून येते आणि त्या फाईल अकारविल्हे वाचल्या जातात. डेबियनमध्ये 'लिबसी.कॉन्फ' या फाईलमध्ये '/यूएसआर/लोकल/लिब' लिहिलेलं असतं, आणि सिस्टिमच्या खऱ्या लायब्ररींची वाट 'एक्स८६_६४' ने सुरू होणाऱ्या फाईलमध्ये. एल आधी, एक्स नंतर. एकाच नावाच्या दोन लायब्ररी असल्या की लोकलवाली जिंकते. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे: हाताने बसवलेल्याला मान पहिला. फक्त हा मान ती फाईल जुनी झाली म्हणून कोणी काढून घेत नाही.

जाता जाता: लायब्ररींची यादी ताजी करणारं 'एलडीकॉन्फिग' साध्या युजरने टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं. कमांड मोडलेली नसते, '/एसबिन' त्या युजरच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरच्या यादीत) नसतं. नुसत्या 'एसयू' ने रूट (सर्वाधिकारी युजर) झालात तरी तेच होतं, 'एसयू -' करावं लागतं. अपग्रेडनंतर माणूस आधीच साशंक असतो, त्यात हे आणखी घाबरवतं.

८ जानेवारी

लोकलमधली एसक्यूलाइट कुठल्या आवृत्तीची? फाईलच्या नावावरून कळत नाही. नाव '.एसओ.०.८.६', सिस्टिमच्या लायब्ररीचंही नाव तेच. एसक्यूलाइटने हा आकडा वर्षानुवर्षं हलवला नव्हता. 'स्ट्रिंग्ज' लावून आतला सोर्स आयडी शोधला, त्यात तारीख मिळाली: २०२१-०४-१९. ही ३.३५.५.

आता कोडं सुटतं. डेबियन ११ सोबत ३.३४.१ येते. मार्च २०२१ च्या ३.३५ मध्ये 'अल्टर टेबल … ड्रॉप कॉलम' आणि 'रिटर्निंग' आलं. आपल्या रिपोर्टच्या डेटाबेस स्क्रिप्टमध्ये 'ड्रॉप कॉलम' आहे. ज्याने कोणी हे कंपाइल केलं त्याने गरजेपोटी केलं, आणि त्या वेळी ते अगदी बरोबर होतं. पायथन ३.९ ही लायब्ररी इतकी वर्षं बिनतक्रार वापरत होता. पायथन ३.११ च्या मॉड्यूलने मात्र सिरियलाइझ-डीसिरियलाइझ (अख्खा डेटाबेस बाइट्समध्ये उतरवणं आणि परत भरणं) ही नवी सोय दिली, आणि एसक्यूलाइटमध्ये ती फंक्शन्स ३.३६ पासून आपोआप कंपाइल होतात. ३.३५.५ साध्या पद्धतीने कंपाइल केली तर ती आतच नसतात. एका आवृत्तीने हुकलं.

डेबियन १२ ची स्वतःची एसक्यूलाइट ३.४०.१ आहे, तिच्यात ड्रॉप कॉलमही आहे आणि डीसिरियलाइझही. लोकलच्या प्रतीची गरज संपली. पुसली नाही, '/रूट/जुन्या-फाईल' मध्ये हलवली, सिमलिंकसकट (तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या लिंकसकट), आणि 'एलडीकॉन्फिग' चालवलं. इम्पोर्ट लगेच झालं.

'/यूएसआर/लोकल/बिन' मधला 'एसक्यूलाइट३' प्रोग्रामही त्याच वेळी हलवला. तो स्वतःच्या पोटातच लायब्ररी घेऊन कंपाइल झालेला होता, त्यामुळे लायब्ररी हलवूनही तो ३.३५.५ च सांगत राहिला असता आणि गोंधळ वाढला असता. हलवल्यावर त्याच शेलमध्ये 'एसक्यूलाइट३' टाइप केलं तर '/यूएसआर/लोकल/बिन/एसक्यूलाइट३: नो सच फाईल'. बॅश हे शेल आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. 'हॅश -आर' केलं की विसरतं. 'व्हिच' ला विचारलं असतं तर त्याने '/यूएसआर/बिन' सांगितलं असतं, कारण तो पाथ नव्याने शोधतो, बॅशच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून अशा तपासात 'टाइप -ए' बरा.

खऱ्या मशीनसाठी ठळक नोंद: ही लायब्ररी आधीच हलवायची नाही. ११ वर असतानाच हलवली तर ३.३४.१ वर पडू आणि ड्रॉप कॉलम मोडेल. १२ चे पॅकेज बसल्यावर आणि पुढचा रिपोर्ट सुटायच्या आत, या फटीतच हे काम.

९ जानेवारी

पायथनचीच उरलेली किरकोळ कामं. पायथनची पॅकेज बसवणारा 'पिप' आता सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला नकार देतो, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणतो. सोबत 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असा पर्याय सुचवतो. नावातच काय होणार ते लिहिलंय, वापरला नाही. जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनच्या पॅकेजांचा वेगळा कप्पा) रिकामं असल्यासारखं वागतंय: आतलं सगळं 'पायथन३.९' नावाच्या फोल्डरमध्ये आणि पायथन बघतोय 'पायथन३.११' मध्ये. पुन्हा बांधणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, १३ ला परत लागणारच आहे.

१२ जानेवारी

क्लोनचा रिपोर्ट वेळेवर आला. एरर नाही. 'लॉगिनचे फसलेले प्रयत्न: ०'. शेजारी खऱ्या मशीनचा रिपोर्ट, त्यात नेहमीसारखा तीन आकडी आकडा. लॉग दोघांकडे तेच.

एसक्यूलाइटपेक्षा मला ही गोष्ट जास्त खटकली. ती निदान ओरडून पडली. ही शून्य सांगून हसतमुखाने निघून गेली. फक्त क्लोनचा रिपोर्ट बघत असते तर शून्य बघून बरंच वाटलं असतं.

कारण आरसिसलॉगमध्ये, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये. १२ पासून त्याच्या वेळेचा नमुना बदलला. आधी ओळ 'जॅन १२ ०८:१४:०२' अशी सुरू व्हायची, आता '२०२६-०१-१२टी०८:१४:०२.५१३२०७+००:००'. रिपोर्टमधला 'ऑक' (ओळी रकान्यांत तोडणारी कमांड) पहिल्या रकान्यात महिना आणि दुसऱ्यात तारीख शोधतो. आता पहिल्या रकान्यात सगळी वेळ आहे आणि दुसऱ्यात मशीनचं नाव. एकही ओळ जुळत नाही, बेरीज शून्य, एक्झिट कोडही शून्य, म्हणजे 'सगळं ठीक'.

मग कॉन्फिगबद्दल अपग्रेडने विचारलं कसं नाही? डीपीकेजी तेव्हाच विचारतो जेव्हा पॅकेजची मूळ फाईल आपण बदललेली असते. आपले सगळे बदल 'आरसिसलॉग.डी' मध्ये वेगळ्या फाईलमध्ये होते, शिस्तीत. मुख्य 'आरसिसलॉग.कॉन्फ' ला कोणी हात लावला नव्हता, म्हणून ती मुकाट बदलली गेली, आणि जुना नमुना ठरवणारी ओळ नेमकी तिच्यातच होती. शिस्तीचं बक्षीस.

दोन मार्ग होते. 'आरसिसलॉग_ट्रॅडिशनलफाईलफॉरमॅट' ही ओळ परत टाकली की पाच मिनिटांत सगळं पूर्वीसारखं. पण जुन्या नमुन्यात सालच नसतं, दर जानेवारीत डिसेंबरचे लॉग वाचताना आपण त्यासाठी वेगळी कसरत करतो. नवा नमुना ठेवला, स्क्रिप्ट बदलली: पहिल्या रकान्याची पहिली दहा अक्षरं म्हणजे तारीख. अपग्रेडच्या आठवड्याच्या फाईलमध्ये वरचा अर्धा भाग जुन्या नमुन्यात आणि खालचा नव्यात असणार, म्हणून स्क्रिप्ट काही काळ दोन्ही ओळखेल. शिवाय एक अट घातली: लॉगमध्ये ओळी आहेत आणि एकीचीही तारीख कळली नाही, तर मेल 'शून्य' म्हणून न जाता 'वाचता आलं नाही' म्हणून जाईल. ही अट पहिल्यापासून हवी होती असं स्क्रिप्ट वाचताना वाटलं, पण स्क्रिप्ट कोणाची तेही कुठे लिहिलेलं नाही.

१३ जानेवारी

स्विचचा बॅकअप. जुन्या स्विचशी एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) बोलेना: 'नो मॅचिंग होस्ट की टाइप', ते फक्त 'एसएसएच-आरएसए' देतं. ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ ची आरएसए सही आपोआप नाकारली जाते. ११ मध्ये ८.४ होतं, १२ मध्ये ९.२ आहे, म्हणून आत्ता जाणवलं. त्या एका स्विचपुरती सूट एसएसएच कॉन्फिगमध्ये 'होस्ट' खाली टाकली, सगळ्यांसाठी नाही.

एसएसएच जुळल्यावर 'एससीपी' अडलं. ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी (फाईल पाठवायची दुसरी पद्धत) वापरतं आणि त्या स्विचमध्ये एसएफटीपी नाहीच. '-ओ' (मोठा ओ) दिला की जुनी पद्धत वापरतं. झालं.

१५ जानेवारी

एसक्यूलाइटसारखं आणखी काय दडलंय ते शोधायला एक स्क्रिप्ट केली: पाथमधली प्रत्येक कमांड घ्यायची, 'डीपीकेजी -एस' ला विचारायचं ही कुठल्या पॅकेजची, आणि बेवारस असतील त्या छापायच्या. ती चालवायला नव्या सहकाऱ्याला दिली. थोड्या वेळाने त्याचा फोन.

"मॅडम, मशीन हॅक तर झालं नाही ना? एलएस, कॅट, सीपी, कशालाच मालक नाही म्हणतंय."

म्हटलं, थांब, काही पुसू नकोस. 'डीपीकेजी -एस /बिन/एलएस' कर. त्याने केलं, उत्तर आलं: कोअरयूटिल्स, म्हणजे मूळ कमांडचं पॅकेज.

झालंय असं की '/बिन' हे आता स्वतंत्र फोल्डर नाही, '/यूएसआर/बिन' कडे नेणारी लिंक आहे. फाईल एकच, पत्ते दोन. पाथमध्ये '/यूएसआर/बिन' आधी येतं म्हणून 'व्हिच' तो पत्ता देतो, पण १२ च्या कोअरयूटिल्स पॅकेजने आपल्या दप्तरात अजून '/बिन/एलएस' असंच लिहिलंय. डीपीकेजी दप्तरातलं अक्षर न अक्षर ताडून बघतो, लिंक सोडवत नाही. १३ मध्ये पॅकेजांनीही फाईल '/यूएसआर' खाली नेल्यात, तेव्हा हेच उलटं होईल: '/बिन/एलएस' विचारलं तर मालक सापडणार नाही. स्क्रिप्ट आता दोन्ही पत्ते विचारते. यादी एकदम आटली आणि खरोखर बेवारस तेवढ्या उरल्या, सगळ्या '/यूएसआर/लोकल' मधल्या. एकेक तपासून निम्म्याहून जास्त हलवल्या.

१९ जानेवारी

क्लोनवर १३. कर्नल ६.१२, पायथन ३.१३. अपग्रेड स्वतः निर्वेध. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ९ तारखेच्या स्क्रिप्टने पुन्हा बांधलं. पायथन ३.१३ मधून 'टेलनेटलिब' गेलंय, आपली एक अतिजुनी स्क्रिप्ट त्यावर होती. ज्या उपकरणासाठी होती ते कधीच निवृत्त झालंय, स्क्रिप्टही केली.

२० जानेवारी

दोन गोष्टी, दोन्ही कर्नलच्या सेटिंगच्या.

पहिली पिंग. रूटला चालतं, मॉनिटरिंगच्या युजरला 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. परिणाम असा की डॅशबोर्डवर सगळे स्विच एकदम लाल, आणि सगळे चालू. यावर जो तो पहिला उपाय सांगतो तो म्हणजे 'सेटकॅप' ने पिंगला रॉ सॉकेटची (थेट नेटवर्क पॅकेट पाठवायची) मुभा परत द्यायची. चालेल, पण पुढच्या वेळी पिंगच्या पॅकेजचा अपडेट आला की नवी फाईल येईल आणि मुभा गेलेली असेल, तेही कोणाला न कळता.

१३ मध्ये पिंगची ही खास मुभा मुद्दाम काढलीय. आता तो रॉ सॉकेटऐवजी आयसीएमपीचं डेटाग्राम सॉकेट उघडतो, आणि ते कोणाला उघडता येईल हे 'नेट.आयपीव्ही४.पिंग_ग्रुप_रेंज' ठरवतं. कर्नलचं मूळ मूल्य '१ ०', म्हणजे सुरुवात शेवटापेक्षा मोठी, म्हणजे कोणीच नाही. नव्याने बसवलेल्या मशीनवर 'लिनक्स-सिससीटीएल-डिफॉल्ट्स' हे पॅकेज ते '० २१४७४८३६४७' करतं, सगळ्या ग्रुपना मोकळीक. अपग्रेड केलेल्या मशीनवर हे पॅकेज आपोआप येईलच असं नाही, आपल्याकडे आलं नाही. बसवलं, सेटिंग लागू केलं, डॅशबोर्ड हिरवा.

दुसरी गोष्ट पिंगची रेंज तपासताना सापडली. ५ तारखेच्या 'सिससीटीएल -ए' शी आजचं ताडलं तर 'नेट.कोअर.आरमेम_मॅक्स' (आलेला डेटा थांबवायच्या जागेची कमाल मर्यादा) परत २१२९९२ वर. यूडीपीने (पोच न घेता पाठवायच्या पद्धतीने) येणारे लॉग गर्दीत गळू नयेत म्हणून आपण ते वाढवलं होतं, '/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ' मध्ये. फाईल जागेवर, ओळ जागेवर. 'सिससीटीएल -पी' केलं तर मूल्य लागू होतं. रीबूट केलं की जातं.

१२ पर्यंत 'सिससीटीएल.डी' मध्ये '९९-सिससीटीएल.कॉन्फ' नावाची लिंक असायची, ती या मुख्य फाईलकडे बोट दाखवायची, म्हणून बूट होताना सिस्टिमडी (सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) ती वाचायचं. १३ मध्ये ती लिंक नाही. हाताने चालवलेली 'सिससीटीएल -पी' मात्र अजूनही तीच फाईल वाचते. म्हणजे तपासायला बसलेल्या माणसाला सगळं ठीक दिसतं आणि मशीन पुढच्या रीबूटला पुन्हा विसरतं. ओळी '/ईटीसी/सिससीटीएल.डी/६०-लोकल.कॉन्फ' मध्ये हलवल्या, जुन्या फाईलमध्ये फक्त 'इकडे काही लिहू नका' एवढी टीप ठेवली. रीबूट करून पुन्हा बघितलं, राहिलं. नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या 'एनस्टॅट' मध्ये यूडीपीच्या रिसीव्ह बफर एररचा आकडाही आता हलत नाहीये.

२१ जानेवारी

'लास्ट: कमांड नॉट फाउंड'. 'लास्टबी' (फसलेली लॉगिनं) आणि 'लास्टलॉग' (प्रत्येकाचं शेवटचं लॉगिन) चंही तेच. पॅकेज खराब नाही, १३ मध्ये या तिन्ही कमांड काढूनच टाकल्यात.

कारण २०३८. या कमांड ज्या फाईल वाचतात त्यांत वेळेसाठी ३२ बिटांची जागा आहे, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून २१४७४८३६४७ सेकंद, म्हणजे १९ जानेवारी २०३८ ला पहाटे ०३:१४:०७ यूटीसी. पुढे जागा नाही. (कालच्या पिंगच्या रेंजमधला आकडा हाच. ३२ बिटांत चिन्हासकट मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या, कुठेही भेटते.) फाईलचा साचा बदलायची मूळ विकसकांची तयारी नव्हती, म्हणून कमांडच बाजूला झाल्या.

पर्याय आहेत. 'लास्ट' च्या जागी 'डब्ल्यूटीएमपीडीबी', त्यासोबत त्याचं पॅम (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूलही बसवावं लागतं, नाहीतर नवी लॉगिनं नोंदलीच जात नाहीत. ते सगळं एसक्यूलाइटमध्ये ठेवतं. लोकलची जुनी लायब्ररी तशीच असती तर हेही तिच्याच गळ्यात पडलं असतं. 'लास्टलॉग' च्या जागी 'लास्टलॉग२'. 'लास्टबी' ला थेट पर्याय नाही, 'एसएललॉगिन्स' नव्हे हं, 'एलएसलॉगिन्स --फेल्ड' जवळपास तीच माहिती देतं. नावं अशी ठेवलीत की टाइप करतानाही अडखळायला होतं.

जुनी 'डब्ल्यूटीएमपी' ('लास्ट' वाचायचं ती फाईल) नव्या डेटाबेसमध्ये 'इम्पोर्ट' करता येते, करून बघितली, आली. जुनी 'बीटीएमपी' ('लास्टबी' वाचायचं ती फाईल) मात्र १३ वर वाचणारी कमांडच नाही. खऱ्या मशीनवर १२ वर असतानाच 'लास्टबी' चं औटपुट मजकूर म्हणून काढून ठेवायचं, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं.

२२ जानेवारी

आठवड्याचा रिपोर्ट पडला: 'सॉर्ट: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर ढीगभर जागा. 'डीएफ' मध्ये '/टीएमपी' (तात्पुरत्या फाईलचं फोल्डर) वेगळी ओळ म्हणून दिसते, टीएमपीएफएस, २ जीबी, भरलेली. १३ पासून '/टीएमपी' मेमरीत असते आणि जास्तीत जास्त निम्मी मेमरी घेते; क्लोनला मेमरी ४ जीबी. मोठी फाईल लावताना 'सॉर्ट' आपले तुकडे '/टीएमपी' मध्ये ठेवतो.

'टीएमपी.माउंट' मास्क (कायमचं बंद) करून जुनी व्यवस्था परत आणता येते. त्यापेक्षा रिपोर्टला 'सॉर्ट -टी /व्हार/टीएमपी' दिलं (मोठा टी). बाकी कोणालाच मोठी '/टीएमपी' लागत नाही. आधीच्या '/टीएमपी' मधल्या फाईल माउंटखाली झाकल्या गेल्यात, दिसत नाहीत पण डिस्कवर जागा अडवून आहेत. रूट फाईलसिस्टिम दुसरीकडे बाइंड माउंट करून (तीच दुसऱ्या पत्त्यावर दाखवून) त्या साफ केल्या.

२४ जानेवारी

शनिवार. खरं मशीन १२ वर. पॅकेज बसले, एसक्यूलाइट हलवली, 'एलडीकॉन्फिग', मग रीबूट. रीबूटच्या आधी 'एलएसओएफ' (कोणी कुठली फाईल उघडलीय ते दाखवणारी कमांड) बघितलं तर लॉग गोळा करणारी सर्व्हिस एसक्यूलाइट '/रूट/जुन्या-फाईल' मधून वापरताना दिसली. फाईल हलवली तरी उघडून बसलेल्या प्रोसेसच्या हातातून ती सुटत नाही, फक्त पत्ता बदललेला दिसतो. रीबूटनंतर '/यूएसआर/लिब' मधली घेतली.

२६ जानेवारी

सकाळचा रिपोर्ट दोन्ही मशीनवर तंतोतंत जुळला. स्विचचे बॅकअप आले.

३० जानेवारी

'लास्टबी' चं औटपुट काढलं, दाबून ठेवलं. 'लिनक्स-सिससीटीएल-डिफॉल्ट्स' आणि 'डब्ल्यूटीएमपीडीबी' ही उद्याच्या यादीत, '६०-लोकल.कॉन्फ' आजच ठेवून दिली. १२ वरही ती वाचली जाते, वाट बघायचं कारण नाही.

३१ जानेवारी

खरं मशीन १३ वर. पिंग, सिससीटीएल, लास्ट, सॉर्ट, चारही क्लोनसारखेच निघाले आणि उपाय तयार होते. डॅशबोर्ड लाल झाला तो फक्त रीबूटपुरता.

४ फेब्रुवारी

'ॲप्ट लिस्ट ?ऑब्सोलीट' ने आता कुठल्याच सोर्समध्ये नसलेली पॅकेज दाखवली, ती काढली. 'ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस' ने सोर्सच्या फाईल नव्या साच्यात आणल्या. '/ईटीसी' मधल्या '.डीपीकेजी-डिस्ट' फाईल आपल्या फाईलशी ताडायच्या राहिल्यात, ते काम नवा सहकारी करतोय. '/रूट/जुन्या-फाईल' महिनाअखेरपर्यंत ठेवायची. क्लोन १३ वरच चालू ठेवलाय, पुढचे अपडेट आधी त्याच्यावर जातील.